‘सयाजीराव’ घोड्याच्या फॉरवर्डमधल्या चुका

बडोद्याच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय : ‘सयाजीराव महाराजांनी कोटभर रुपये मोजून एक घोडा घेतला, त्यानं १९४७ साली डर्बी मारून गोऱ्यांची जिरवली. पुढे पैदाशीत मात्र तो फुकट गेला.’ दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात तो तीन जणांनी तीनदा पाठवला. (डर्बी म्हणजे इंग्लंडमध्ये एप्समला होणारी घोड्यांची मानाची शर्यत.)

महाराज सयाजीराव १९३९ सालीच वारले आणि घोडा जन्मला १९४४ मध्ये. तो घेतला नातू प्रतापसिंहरावांनी आणि नाव ठेवलं आजोबांचं. (घोड्याला आजोबांचं नाव! आमच्या घरात कुणी असं सुचवलं असतं, तर जेवण मिळालं नसतं.)

कोटभरही नाही. १९४५ मध्ये वर्षाच्या शिंगरासाठी २८,००० गिनी मोजल्या गेल्या. गिनी २१ शिलिंगांची, रुपया तेव्हा दीड शिलिंगाचा. हिशेब होतो ३ लाख ९२ हजार. तरी तो त्या काळचा उच्चांक होता. कारण त्याचा सख्खा थोरला भाऊ दान्ते त्याच वर्षी डर्बी जिंकला होता. गंमत म्हणजे शिंगरू असताना या दान्तेला लिलावात ३,५०० गिनीही आल्या नव्हत्या!

आता डर्बी. एप्समच्या डर्बीत सयाजीराव तिसरा आला. जिंकला पर्ल डायव्हर. मेसेज लिहिणाऱ्याची गल्लत बहुधा आयरिश डर्बीशी झाली असावी, ती मात्र त्यानं त्याच वर्षी मारली. ‘गोऱ्यांची जिरवली’ म्हणावं, तर ट्रेनर आर्मस्ट्राँग आणि ऑस्ट्रेलियन जॉकी एडगर ब्रिट, दोघेही गोरेच.

त्याची खरी ओळख निकालांतच आहे. मैलाच्या ‘टू थाउजंड गिनीज’ या शर्यतीत तिसरा. दीड मैलाच्या एप्समला तिसरा. पावणेदोन मैलांहून थोड्या लांब सेंट लेजर शर्यतीत मात्र आर्बार या घोड्याला डोक्याएवढ्या अंतरानं मागे टाकून पहिला! अंतर वाढलं की खुलणारा, दमाचा घोडा.

आणि हाच दम त्यानं पुढे दिला, म्हणून ‘पैदाशीत फुकट’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. स्टॅलियन, म्हणजे पैदाशीचा घोडा म्हणून तो आयर्लंडमध्ये होता. त्याची मुलगी ग्लॅडनेस हिनं १९५८ मध्ये अडीच मैलांचा अॅस्कॉट गोल्ड कप जिंकला. मुलगा इंडियाना यानं १९६४ मध्ये सेंट लेजर मारली, म्हणजे बापाचीच शर्यत, १७ वर्षांनी. असल्या घोड्याला फुकट कोण म्हणतं?

दमाऐवजी वेगाचा वारसा शोधायचा, तर प्रतापसिंहरावांचाच दुसरा घोडा आहे, माय बाबू. तो १९४८ ची टू थाउजंड गिनीज जिंकला आणि पैदाशीसाठी पुढे अमेरिकेत गेला. तिथे त्याच्या एका मुलीला डमास्कस झाला, १९६७ चा अमेरिकेतला सर्वोत्तम घोडा. त्या घोडीचं नाव होतं केरळ. फॉरवर्डमध्ये माय बाबूचा साधा उल्लेखही नाही.