एखादं छानसं पुस्तक सांगा ना!

पंगतीत जिलबी वाढायला सुरुवात झालेली असते आणि शेजारच्या वहिनी कानाशी येऊन म्हणतात, "आमच्या बाळ्यासाठी एखादं छानसं पुस्तक सांगा ना." लग्नात डॉक्टर भेटला की जीभ काढून दाखवणारी माणसं असतात, त्यातलाच हा प्रकार. पण डॉक्टरपुढे निदान ज्याचं पोट दुखतंय तो तरी येतो. इथे पेशंट कार्यालयाच्या कोपऱ्यात चार्जिंगच्या प्लगला चिकटलेला असतो आणि लक्षणं त्याची आई सांगते.

लक्षण एकच: "वाचतच नाही." वय विचारावं, तर "दहावं चालू आहे, पण वयाच्या मानानं खूप पुढे आहे हो." हे वाक्य आलं की मी पुस्तकाच्या बाबतीत दोन वर्षं मागे येते. मग अपेक्षा. पुस्तकानं मोबाइल सोडवावा, संस्कार करावेत, शुद्धलेखन सुधारावं, गावाकडची ओढ लावावी आणि फार जाड नसावं. एवढ्या अपेक्षा आपण जावयाकडूनही ठेवत नाही.

आठ ते बारा हे वय मुळात अडनिडं. चित्रांची पुस्तकं 'बाळांची' वाटतात आणि कादंबरीचा ठोकळा बघून घाम फुटतो. या वयाच्या पुस्तकांना 'कुमार वाङ्मय' असा शब्द आहे, पण त्यातला 'ङ्म' बिनचूक वाचून दाखवणारा कुमार आधी शोधून आणावा लागेल.

म्हणून मी पुस्तकाचं नाव सांगण्याआधी उलटतपासणी घेते. कुणी न सांगता त्यानं शेवटचं काय वाचलं? "काहीच नाही" हे उत्तर मी मानत नाही. क्रिकेटचा स्कोअर, गेमच्या सूचना, बिस्किटाच्या पुड्यामागचं कोडं, सगळं चालतं. घरात कुणी मोठ्यानं वाचून दाखवतं का? आणि तो भांडतो कुठल्या भाषेत? भांडण ज्या भाषेत, पहिलं पुस्तक त्या भाषेत.

मग बोटांची परीक्षा. पुस्तकाचं मधलंच एक पान उघडायचं, मुलानं ते वाचायचं आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं. एकही दुमडलं नाही तर सोपं, दोन-तीन असली तर बेताचं. मूठ वळली तर पुस्तक सहा महिने फळीवर. पण इंग्रजी माध्यमाच्या मराठी मुलाला ही परीक्षा फसवते. 'स्त्रियांच्या' किंवा 'उद्ध्वस्त' आलं की गाडी रुळावरून घसरते. तोच शब्द कानावर पडला की अर्थ बरोबर कळतो. डोकं तयार असतं, डोळा जोडाक्षराला बुजतो. अशा वेळी पुस्तक बदलू नये. पहिली दोन प्रकरणं आपण वाचून दाखवावीत, रोज दहा मिनिटं, आणि नायक विहिरीत डोकावतोय अशा जागी पुस्तक मिटून कुकर बघायला जावं. कुकर झालेला असला तरी.

पुस्तक हातात घेताना आधी आतलं बघायचं, मुखपृष्ठ नंतर. साठ ते शंभर पानं, पाच-सहा पानांचं प्रकरण, ठसठशीत टाइप, ओळींत मोकळी जागा. नायक वाचणाऱ्यापेक्षा एक-दोन वर्षांनी मोठा हवा. दहा वर्षांचं मूल आठ वर्षांच्या नायकाकडे काकाच्या नजरेनं बघतं. आणि नायकाला घरच्यांचा डोळा चुकवून काहीतरी करता आलं पाहिजे. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश, म्हणजे फास्टर फेणे, अजून चालतो तो त्याच्या तोंडच्या 'ट्टॉक'मुळे आणि या सुटकेमुळे. शिवाय ती मालिका आहे. पहिल्या पुस्तकात ओळखीपाळखीची मेहनत होते, दुसऱ्यापासून सगळी घरचीच माणसं. मालिका वाचणाऱ्या मुलाला "तेच तेच काय वाचतोस" म्हणणारे आईबाप स्वतः आठशे भागांची सीरियल बघतात, हे जाता जाता.

जुन्या पुस्तकांची एक गंमत ध्यानात ठेवावी. "तार आली आणि घरात रडारड झाली" हे वाचून आजच्या मुलाला वाटतं, कुणाला तरी शॉक बसला. बंब, माजघर, आणा-पै एकदा आधी समजावून दिलं की भागतं. तळटीप ते वाचत नाहीत. आपण तरी कुठे वाचतो?

सगळ्यात जास्त घोटाळा होतो, तो 'पुस्तकात मूल आहे, म्हणजे मुलांचं पुस्तक' या समजुतीनं. प्रकाश नारायण संतांचा लंपन मलाही जीव की प्राण आहे. पण त्याच्या गोष्टींतली हुरहूर कळायला बालपण थोडं मागे पडलेलं असावं लागतं. ज्याचं चालूच आहे त्याला ती कशी लागणार? साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' द्यावी, जरूर द्यावी, पण एका रात्री एकच 'रात्र' (त्यातल्या प्रकरणांचं नावच ते), आणि वाचणाऱ्या मोठ्या माणसानं हुंदका आवरण्याची तयारी ठेवून. उलट 'तोत्तोचान' आपण शिक्षणावरचं गंभीर पुस्तक म्हणून कपाटात ठेवतो. मुलांना त्यात रेल्वेच्या डब्यात भरणारी शाळा दिसते आणि नायिकेला पहिल्या शाळेतून काढून टाकलंय हे कळताच ती सरसावून बसतात.

अख्खं पुस्तक म्हटल्यावर ताप भरणाऱ्याला 'किशोर' द्यावं. बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतंय, जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. कुठूनही उघडा, कुठेही सोडा. सिनेमा पाठ असलेल्यांसाठी मराठीतला हॅरी पॉटर. त्या 'फिलॉसॉफर्स स्टोन'ला मराठीत 'परीस' हा नेमका शब्द मिळालाय. कथा आधीच ठाऊक असल्यानं सगळी ताकद जोडाक्षरांवर लावता येते.

आणि एक पुस्तक कधीच देऊ नये, तीन द्यावीत: एक बारकं, एक त्याच्या वेडाचं (साप, ग्रह, फुटबॉल, जे असेल ते), एक भलतंच. एक तो तत्त्वाचा प्रश्न म्हणून नाकारतो. एक वाचतो. तिसऱ्यावर चहाचा कप ठेवला जातो, पण तिसरं पुढच्या पावसाळ्यात उघडतं असा अनुभव आहे. पहिल्या पानावर 'वाचाल तर वाचाल' लिहू नये. धमकी देऊन दिलेली भेट कोण उघडणार?

एवढं सगळं ऐकून वहिनी म्हणतात, "ते ठीक आहे हो, पण नाव सांगा ना एक." मी म्हणते, बाळ्यालाच बोलवा. तो चार्जर काढून, वायर गुंडाळत येतो. मी एका पुस्तकाबद्दल सांगायला लागते: गाव आहे, नदी आहे, एक मुलगी आहे, तिचा कुत्रा आहे. तो मध्येच थांबवतो.

"कुत्रा शेवटी मरतो का?"

"नाही."

"मग सांगा नाव."