लाळदान

रक्तदान केलं की बिस्किटाचा पुडा मिळतो, कॉफी मिळते, प्रमाणपत्र मिळतं. मी अमळनेरात तीन वेळा रक्त दिलंय आणि तिन्ही प्रमाणपत्रं दुकानात फवारणीच्या पंपांच्या वर टांगून ठेवलीत. लाळदानाचं तसं नाही. लाळ देऊन झाली की घरात होती तेवढीही इज्जत राहत नाही. मी स्वानुभवाने सांगतोय.

आमची सोनू बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. तिला बायोकेमिस्ट्रीचा पेपर, आणि घरात पाठांतर घ्यायला मोकळा माणूस एकच. मे महिना, बाहेर ४४ अंश, कपाशीची लागवड अजून लांब. कृषी केंद्रावर दिवसभरात चार गिऱ्हाईकं यायची, त्यातली दोन पाणी प्यायला. तेव्हा ‘अहो, तुम्हीच घ्या तिचं’ असं हिने फर्मावलं आणि मी पुस्तक हातात घेतलं.

पहिला दिवस माझा होता. वीस अमिनो आम्लांची नावं मी एका दमात वाचून दाखवली. फेनिलॲलनीन, आयसोल्युसीन, ट्रिप्टोफॅन. सोनू बघतच राहिली. अगं, ज्या माणसाने बावीस वर्षं थायामेथोक्झाम आणि इमिडाक्लोप्रिड उधारीवर विकलंय, त्याची जीभ फेनिलॲलनीनला अडखळेल होय? शिवाय अमिनो तर आमच्या दुकानातलंच. ‘भाऊ, अमिनो दे एक लिटर, कपाशी पिवळी पडी राहिनी,’ म्हणून लोक येतात, मी बाटली देतो, पैसे वहीत लिहितो. बाटलीत नेमकं काय असतं हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. दोघांचीही लाज राहिली.

तर ही वीस आम्लं मण्यांसारखी ओवली की प्रथिन होतं. नुसतं ओवून भागत नाही, ती माळ ठरावीक तऱ्हेने वळली, दुमडली पाहिजे. तरच तिला काम येतं. मी म्हटलं, ‘म्हणजे कुरडईसारखं. सोऱ्यातून तार पडते तोवर नुसती तार, वेटोळं बसलं की कुरडई. आणि चुरा झाला की तार तीच, पण पाहुण्यांना वाढता येत नाही.’ मला वाटलं, मुलगी म्हणेल वा पप्पा. ती म्हणाली, ‘पप्पा, कुरडई म्हणजे स्टार्च. प्रोटीनच्या उत्तरात कुरडई लिहिली तर सर शून्य देतील.’

माय ओट्यावर ज्वारी-उडीद निवडत बसली होती, कळण्याचं दळण होतं. तिथेही सोनूने तास घेतला. वीसपैकी नऊ अमिनो आम्लं आपलं शरीर बनवत नाही, ती जेवणातूनच यावी लागतात. ज्वारीत त्यातलं लायसीन कमी, उडदात भरपूर. उडदात मेथिओनीन कमी, ते ज्वारी भरून काढते. म्हणून कळण्याची भाकरी म्हणजे चांगलं प्रथिन. मायने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मंग मिरचीना ठेचामा काय ऱ्हास?’ त्याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. विषय बदलला.

एन्झाइमच्या, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया झपाट्याने घडवून आणणाऱ्या पदार्थांच्या, धड्यात मात्र मी खरोखर गुंतलो, कारण पहिल्याच पानावर यूरिया निघाला. जेम्स समनर नावाचा अमेरिकन. सतराव्या वर्षी शिकारीत अपघात होऊन डावा हात गेला, आणि गडी डावखुरा! उरलेल्या उजव्या हाताने रसायनशास्त्र शिकला. १९१७ पासून एका शेंगेच्या दाण्यातलं यूरिएझ नावाचं एन्झाइम वेगळं काढायच्या मागे लागला, आणि १९२६ साली त्याचे स्फटिक मिळवले. एन्झाइम हे प्रथिन असतं, असं तो सांगत होता. मोठमोठे शास्त्रज्ञ बरीच वर्षं ते मानायला तयार नव्हते. शेवटी १९४६ साली नोबेलमध्ये वाटा मिळाला. आमच्याकडे सातबाऱ्यावर नाव चढवायला लागतात तेवढी वर्षं.

तर हे यूरिएझ यूरिया फोडून अमोनिया करतं. जमिनीतल्या जिवाणूंकडेही ते असतंच. आता मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलोय, ‘भाऊ, तापल्या जमिनीवर यूरिया नुसता फेकू नको, मातीआड कर, नाहीतर पाणी दे. उडून जाईल.’ ४५ किलोची गोणी, आणि त्यातलं नत्र वाऱ्यावर. कोण उडवतं हे मला ठाऊक नव्हतं. चोराचं नाव इतक्या वर्षांनी कळलं.

पुढे कुलूप-किल्ली. एमिल फिशरने १८९४ साली सांगितलं की एन्झाइम आणि ज्याच्यावर ते काम करतं तो पदार्थ कुलूप-किल्लीसारखे एकमेकांत बसतात. त्या पदार्थाला सबस्ट्रेट म्हणायचं. काम झालं की एन्झाइम मोकळं, पुढच्या सबस्ट्रेटला धरायला तयार. स्वतः संपत नाही, झिजत नाही. हे वाक्य मी सोनूकडून तीन वेळा म्हणवून घेतलं. ते माझ्यावरच उलटणार आहे, हे तेव्हा कळलं असतं तर धडा तिथेच बंद केला असता.

क्रेब्ज चक्राबद्दल, म्हणजे पेशी अन्नातून ऊर्जा काढतात त्या फेऱ्याबद्दल, थोडक्यात सांगतो, कारण ती रात्र आठवली तरी घाम फुटतो. वीज गेलेली, गच्चीवर गादी, मोबाइलच्या उजेडात सायट्रेट, आयसोसायट्रेट, अल्फा-कीटोग्लुटारेट. आठ टप्पे, आणि शेवटी परत ऑक्झॅलोॲसिटेट, जिथून निघालो तिथेच. भुसावळहून निघावं, रात्रभर प्रवास करावा आणि पहाटे डोळे उघडून बघावं तर पाटीवर भुसावळ! वाटेत दोन कार्बन उतरून जातात, तेच आपण उच्छ्वासात सोडतो. सोनू रडकुंडीला आली तेव्हा मी तिला सांगितलं की खुद्द क्रेब्जचाही हा लेख १९३७ साली ‘नेचर’ने परत पाठवला होता, तो दुसरीकडे छापावा लागला, आणि १९५३ साली त्यालाच नोबेल मिळालं. ‘मग मलाही १९५३ पर्यंत वेळ द्या,’ म्हणून ती झोपली.

मला एटीपीने झोपू दिलं नाही. एटीपी म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणारा रेणू. माणूस दिवसभरात साधारण आपल्या वजनाइतकं एटीपी बनवतो आणि खर्चतो. साठा चिमूटभरच, तोच पुन्हा पुन्हा भरायचा नि रिकामा करायचा. आपला आंध्रातल्या भीमावरमचा यल्लाप्रगडा सुब्बाराव, हार्वर्डमध्ये फिस्केबरोबर काम करत असताना, १९२९ साली एटीपी शोधणाऱ्यांपैकी एक. माझं वजन ८४ किलो. म्हणजे यूरियाच्या जवळजवळ दोन गोण्या मी रोज गल्ल्यावर बसल्या बसल्या उत्पादन करतो. सकाळी हिला हे अभिमानाने सांगितलं. ती म्हणाली, ‘मग गच्चीवरची टाकी धुवायला एक गोणी काढा.’

आता मूळ गोष्ट.

त्या आठवड्यात घरात कुरडया होत्या. गहू तीन दिवस भिजत घातलेले, रोज पाणी बदललेलं, घरभर तो आंबूस वास. मग वाटून, पिळून, रात्रभर ठेवून खाली बसलेला पांढराशुभ्र चीक. पहाटे चार वाजता चुलीवर पातेलं चढलं. माय ढवळत होती, ही वरून धार धरत होती. आठच्या आत गच्चीवर लुगड्यावर कुरडयांच्या रांगा लागल्या. खाली उरलेला चीक एका पातेल्यात, आणि शेजारच्या काकूंसाठी म्हणून स्टीलचा एक डबा वेगळा भरून ठेवलेला.

सोनूच्या प्रॅक्टिकलला लाळेतल्या अमायलेजचा, म्हणजे स्टार्च तोडणाऱ्या एन्झाइमचा, प्रयोग होता. स्टार्चचा चीक घरात, टिंक्चर आयोडीन दुकानाच्या पेटीत, चार वाट्या हिच्या मांडणीवर. राहता राहिली लाळ. नोंदी कोण घेणार, म्हणून सोनू बाद. मायला चतुर्थी. ‘थुकाले बी आते कॉलेज लागस का?’ एवढं बोलून ती मोकळी. हिने नुसतं माझ्याकडे बघितलं.

तीन चुळा भरायला लावून मला मोरीपाशी उभं केलं. हातात काचेचा ग्लास. आणि गंमत बघा, दिवसभर रस्त्याने थुंकत जाणारी माणसं असतात, आणि मला थेंब येईना. तोंड कोरडं ठाक. जितका प्रयत्न करावा तितकी जीभ टाळूला चिकटत होती. सोनू घड्याळ लावून उभी. शेवटी माय उठली, माझ्यासमोर पाटावर बसली आणि विळीवर एक कैरी चिरायला घेतली. पहिली फोड पडली, तिच्यावर मीठ, वर लाल तिखट. ती फोड तिने माझ्या नाकासमोरून हळूच फिरवली नि स्वतःच्या तोंडात टाकायचा आव आणला. बस. नळ सुटला. खाण्याच्या नुसत्या चाहुलीने कुत्र्यांना लाळ सुटते हे दाखवणाऱ्या रशियाच्या पावलोव्हला १९०४ चं नोबेल पचनाच्या अभ्यासासाठी मिळालं. त्याच्या कुत्र्यांना निदान हसणारं कोणी नव्हतं.

चार वाट्यांत चीक. एक नुसती. दुसरीत माझी लाळ. तिसरीत उकळलेली लाळ. हो, ती चहाच्या भांड्यात उकळली, ते भांडं पुढे हिने भंगारात दिलं. चौथीत लाळ आणि लिंबू. कॉलेजात हे सगळं ३७ अंशाच्या वॉटर बाथमध्ये ठेवतात म्हणे, शरीराच्या तापमानाला. आमच्या स्वयंपाकघरात खिडकी उघडी ठेवली तरी पुरतं, वर दोन-चार अंश शिल्लक राहतात.

दहा मिनिटांनी आयोडीनचे थेंब. पहिली वाटी निळी-काळी. स्टार्चची साखळी गोल जिन्यासारखी वळलेली असते, त्या पोकळीत आयोडीन बसतं नि तो रंग येतो. दुसरी? आधी ज्यात चमचा उभा राहत होता तो चीक ताकासारखा पातळ, आणि रंग नुसता तांबूस. माझ्या लाळेने साखळी तोडून साखर केली होती. मला उगाच छाती फुगल्यासारखं झालं. तिसरी परत निळी-काळी, कारण उकळल्यावर प्रथिनाचं वेटोळं सुटतं, कुलूप मोडतं. अंड्याचं पांढरं शिजलं की परत कच्चं होत नाही तसं. चौथीही निळी यायला हवी होती, आंबट जागी हे अमायलेज चालत नाही. पण लिंबाच्या वाटीत रंगच येईना! थेंब पडायचा नि विरून जायचा. सोनूचा चेहरा उतरला. अर्धा तास पुस्तकं उलटून तिने शोधून काढलं, की लिंबातलं क जीवनसत्त्व आयोडीनच फस्त करतं, एन्झाइमचा संबंधच नाही. मग व्हिनेगर घालून पुन्हा केलं. म्हणजे पुन्हा कैरी, पुन्हा मी.

संध्याकाळी काकू डबा न्यायला आल्या. मायने झाकण उघडलं. गार झालेला चीक कसा असतो, वडी कापावी असा घट्ट. इथे वर पाणी. खाली चमचा घातला तर गाळ लागावा तसा थोडा घट्ट चीक.

‘उष्टा चमचा कोन्हा शे हाऊ?’

मी पेपरात तोंड घातलं. सकाळी अकराला दुकानातून येऊन, फ्रीजजवळ उभ्या उभ्या, साखर भुरभुरवून मी त्या डब्यातला थोडासा चाखला होता. थोडासा म्हणजे चमचा तोंडात, चमचा डब्यात, असा दहाबारा वेळा. वरून डबा सारखा करून झाकणही लावलं होतं. लहानपणापासून माय ओरडत आली होती, ‘उष्टं घालू नको, चीकनं पानी व्हई जास.’ मी ते सोवळ्यातलं धरून चाललो होतो.

सोनूने आयोडीनची बाटली आणली. वरच्या थराला तांबूस, तळाला निळं-काळं. चमचा जिथवर पोचला तिथवरची हद्द मोजणीदाराने खुणा रोवाव्यात तशी स्पष्ट दिसत होती. तीन पिढ्यांनी आणि काकूंनी एकाच वेळी माझ्याकडे वळून पाहिलं.

मीही शिकलेला होतो. म्हटलं, ‘भिजवलेल्या गव्हातही अमायलेज असतं. त्याने केलं असेल.’

‘ते पहाटे चुलीवर उकळलं, पप्पा. तिसरी वाटी.’

‘पण मी खाल्लं ते दहा-बारा चमचे. एवढ्याशा लाळेने अख्खा थर कसा…’

सोनूने शांतपणे पुस्तक उघडलं आणि मीच तीन वेळा म्हणवून घेतलेलं वाक्य वाचून दाखवलं. संपत नाही, झिजत नाही.

‘आते समजनं?’ मायने काकूंना विचारलं, माझ्याकडे बघत.

परवा काकूंसाठी नवा चीक झाला. मलाही वेगळी वाटी मिळाली, माझा चमचाही वेगळा ठेवला होता. त्याच्या दांड्यावर सोनूने दुकानातल्या कीटकनाशकाच्या बाटलीवरून सोलून काढलेला लाल त्रिकोण चिकटवला होता.