बाजीरावांचे डोळे

साडूंची बदली बेंगळुरूला झाली आणि त्यांचं कासव ठाण्यात पाचपाखाडीला आमच्याकडे राहायला आलं. 'त्याचं काहीच करावं लागत नाही हो,' असं टब हातात देताना साडू म्हणाले. टबासोबत प्लॅस्टिकचं नारळाचं झाड, सुक्या कोलंबीचा डबा आणि 'टब उत्तरेला ठेवा, घरात पैसा टिकतो' हा सल्ला मिळाला. पैसा टिकत असता तर टब बेंगळुरूला गेला असता, हे बायकोचं मत. बहीण तिची, म्हणून तिला ते बोलता येतं. मला नाही.

कासवाचं नाव बाजीराव. मूळ गाव अमेरिकेतलं मिसिसिपीचं खोरं, दुकानातलं नाव रेड इअर्ड स्लायडर. कानशिलावर लाल पट्टा, म्हणून 'रेड इअर्ड'. आपली देशी कासवं घरात ठेवणं 1972च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा साडूंनी निदान परदेशी निवडलं, एवढी त्यांची बाजू घेतो.

बाजीराव आले तेव्हाच डोळे किलकिले करत होते. आठवडाभरात ते पूर्ण मिटले. पापण्या सुजून भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या झाल्या. समोर कोलंबी टाकली तरी हूं की चूं नाही.

कासव आजारी आहे म्हटल्यावर सोसायटीत जो तो वैद्य झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गुलाबपाणी पाठवलं. कोणी मध सांगितला, कोणी गाईचं तूप. केमिस्टनं माणसांचे ड्रॉप पुढे केले आणि वर 'आमच्या मोतीला हेच लागू पडलं' म्हणाला. आईचं दुःख वेगळंच होतं. कासवी आपल्या पिल्लांना नुसत्या नजरेनं पोसते, हे तिनं लहानपणापासून कीर्तनात ऐकलेलं. 'आणि आपल्या घरात त्याचीच नजर गेली रे!' असं म्हणून तिनं टबाला हात जोडले.

घोडबंदर रोडला कासवं बघणारे एक डॉक्टर आहेत असा शोध लागला. टोपलीत ओला टॉवेल, त्यावर बाजीराव, आणि आम्ही रिक्षात. 'टोपलीत काय आहे?' रिक्षावाल्यानं विचारलं. कासव म्हटल्यावर त्यानं सिग्नलला मागे वळून नमस्कार केला. देवळात देवाच्या आधी कासवाचं दर्शन घ्यायची सवय असणार. मीटरमध्ये मात्र ही भक्ती कुठे उतरली नाही.

मी दाखवायला डोळे नेले होते आणि डॉक्टर चौकशी करत होते घराची. पाणी किती? फिल्टर कुठला? बसायला कोरडी जागा आहे? दिवा कसला? खायला काय? 'कोलंबी' एवढं एकच उत्तर मला छातीठोकपणे देता आलं आणि नेमकं त्यावरच त्यांनी कपाळाला हात लावला. नुसत्या सुक्या कोलंबीवर कासवाला ए जीवनसत्त्व पुरत नाही. ते कमी पडलं की डोळ्याजवळच्या ग्रंथींचं अस्तर जाड होतं, मेलेल्या पेशी साचून नळ्या तुंबतात आणि पापण्या सुजतात. त्यात पाणी घाण असेल तर अमोनिया डोळ्यांना झोंबतो आणि जंतूंचं फावतं. डोळे मिटले की कासवाला खाणं दिसत नाही. दिसत नाही म्हणून खात नाही. खात नाही म्हणून आणखी कमी पडतं.

ए जीवनसत्त्वाचं इंजेक्शन डॉक्टरांनी मोजून मापून दिलं. ते जास्त झालं तर कासवाची कातडी सोलवटते, तेव्हा घरी माशाच्या तेलाच्या गोळ्या फोडायच्या नाहीत, अशी तंबी मिळाली. माणसांच्या ड्रॉपमध्ये स्टिरॉइड असू शकतं, म्हणून तेही बाद.

मग मलमपर्व सुरू झालं. कासवाच्या डोळ्याला मलम लावणं सोपं असतं असं ज्याला वाटतं, त्यानं आधी कासवाचं डोकं शोधून दाखवावं. मी ट्यूब उघडली रे उघडली की 'फुस्स' असा आवाज करून बाजीराव आत. बाहेर उरायचं ते कवच आणि माझा शर्ट फाडणारी मागची नखं. मी श्वास रोखून बसायचो. मान इंचभर बाहेर यायची, मी पुढे व्हायचो आणि मलम नाकाला लागायचं. शेवटी बायकोनं युक्ती काढली. मागचे पाय अलगद आत सरकवले की मान पुढे येते. तिनं पाय सरकवायचे, मी मलम लावायचं. लग्नानंतर प्रथमच आम्ही दोघं एका कामात एकमेकांना न बोलता लागलो होतो. मलम धुऊन जाऊ नये म्हणून नंतर तासभर कोरड्यात ठेवायचं, आणि त्या तासात बाजीराव मिटल्या डोळ्यांनी नेमके सोफ्याखाली जायचे. प्रत्येक वेळी साबणानं हात धुवायचे, कारण कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचा नाही, हा कायदा बायकोचा. तो 1972च्या कायद्याहून कडक आहे.

पण खरा खर्च डोळ्यांचा नव्हताच, जागेचा होता. कवचाच्या दर इंचामागे साधारण 40 लिटर पाणी लागतं. बाजीराव सहा इंच, म्हणजे टाकी 240 लिटरची. ठाण्यात माणसाला मिळत नाही एवढी ऐसपैस जागा! पाणी 25 अंशांच्या आसपास. वर बसायला कोरडा ओटा, तिथे 32 अंश. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जायला पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचं, म्हणजे पाणीकपातीच्या दिवशी आम्ही बादलीभर पाण्यात भागवतो आणि बाजीराव डुंबतात. ऊन गॅलरीच्या काचेतून यायचं, पण कासवाला लागणारे उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण काच अडवते. समोरची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेल्यापासून तेही ऊन बंद. आता ओट्यावर यूव्हीबीची ट्यूब आहे. ती दिसायला लख्ख असली तरी किरण हळूहळू कमी होतात, म्हणून वर्षाच्या आत बदलायची. आमच्या हॉलमधली ट्यूब दिवाळीपासून फडफडते आहे, तिच्याबद्दल अजून कोणी बोललेलं नाही.

मध्यंतरी एका शेजाऱ्यांनी 'मासुंदा तलावात सोडून द्या, पुण्य लागेल' असंही सुचवलं. हे कासव जगातल्या सर्वांत त्रासदायक 100 आगंतुक प्रजातींच्या यादीत आहे. तलावातल्या देशी कासवांचं खाणं आणि जागा ते बळकावेल. शिवाय बरं राहिलं तर तीसेक वर्षं जगेल. आमचं गृहकर्ज फिटलेलं बघायला घरात कोणीतरी असेल, एवढाच त्यातला दिलासा.

जांभळी नाक्यावरून आता लाल भोपळा आणि गाजर बाजीरावांसाठी वेगळं येतं. परवा सकाळी मी गाजराचा कीस पाण्यात धरला. एक डोळा उघडा होता, दुसराही अर्धा. बाजीरावांनी कीस बघितला, माझं बोट बघितलं, आणि गाजर चुकवून बोटाचा कडकडून चावा घेतला. रक्त पुसत डॉक्टरांना फोन केला.

'अरे वा!' ते म्हणाले. 'म्हणजे दिसायला लागलं.'