न उघडणारी खिडकी

आज सकाळी माझी भाची चार दिवसांची समुद्रकिनाऱ्याची सहल आटोपून बडोद्याला परतली. मी मोठ्या उत्साहाने तिला विचारले, "वारा कसा होता गं तिथे?" त्यावर ती अकरा वर्षांची मुलगी अगदी सहज म्हणाली, "मामा, खिडकी उघडतच नव्हती." खास जास्तीचे पैसे मोजून घेतलेली समुद्रासमोरची खोली, भिंतभर काच, आणि ती काच उघडत नाही! दुपारी ऊन म्हणून पडदे ओढलेले आणि संध्याकाळी वारा फार म्हणून पुन्हा आतच. आमचे मेहुणे वर मलाच विचारतात की मे महिन्यात उन्हात फिरायला आम्हाला काय वेड लागले आहे.

वेड आमच्या नानांना होते. 1988 च्या मे महिन्यात त्यांनी मित्राची जीप मागून आणली आणि एकाच दिवसात डोंगर व समुद्र दोन्ही दाखवतो, असे सांगून आम्हाला पहाटे उठवले. आईने प्रत्येकाच्या खिशात एकेक कांदा कोंबला. पावागडच्या डोंगरावर रोपवे सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती, पण नानांनी तिकडे ढुंकूनही पाहिले नाही. पायऱ्यांचे दगड नऊ वाजताच तापले होते आणि मी रडकुंडीला आलो होतो, तोच एका पडक्या तटाशी वळलो आणि असा काही वारा अंगावर आला की घामाने चिकटलेला सदरा फडफडत पाठीपासून सुटला. वारा गरमच होता, तरी ओल्या अंगाला त्याने हुडहुडी भरली. तो गारवा मला पुढे कोणत्याही वातानुकूलित खोलीत मिळालेला नाही. नानांनी नैर्ऋत्येच्या धुरकट क्षितिजाकडे बोट दाखवून सांगितले की, आपल्या बडोद्यातल्या काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळच्या पुलाखालून वाहणारी विश्वामित्री याच डोंगरातून निघते, पुढे ढाढर नदीला मिळते आणि खंभातच्या आखातात जाते. आता आपणही तिकडेच जाणार आहोत.

"बडोद्याला ना समुद्र, ना डोंगर" असे पुण्या-मुंबईचे पाहुणे म्हणतात तेव्हा मला म्हणूनच राग येतो. पावागड इथून सुमारे पन्नास किलोमीटर आणि कावी-कंबोई पंचाहत्तर. कंबोईचा समुद्र निळा नाही हे मान्य. मही नदीच्या मुखाशी तो गढूळ आणि चिखलाचाच असणार, आणि त्यात डुंबण्याची सोय नाही.

पण त्या दिवशी चारच्या सुमारास आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा पाणी चढू लागले होते. ओहोटीत मोकळे असणारे स्तंभेश्वराचे शिवलिंग भरतीत पुरते बुडते, आणि तसे दिवसातून दोनदा होते. आखात आत निमुळते होत जाते म्हणून पाणी दाटत जाऊन इतके उंच चढते, हे नानांनी घरच्या रॉकेलच्या नरसाळ्याचे उदाहरण देऊन समजावले. मी अर्धेच ऐकले, कारण आईचा पदर वाऱ्याने तिच्या तोंडावर गुंडाळला जात होता आणि ती तो सोडवता सोडवता इतकी हसत होती की मला तिच्याकडेच पाहत राहावेसे वाटत होते. घरी ती तशी हसल्याचे मला आठवत नाही. मग नानांची टोपी उडाली. ते दोन पावले धावले, थांबले, आणि मातकट पाण्यावरून गटांगळ्या खात जाणाऱ्या त्या टोपीला त्यांनी चक्क नमस्कार केला.

उन्हाने माणसे आजारी पडतात, म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या मुलांना अशा दिवसांत बाहेर काढू नये, हे मलाही कळते. आज आई असती तर तिला मी नेले नसते. पण अकरा वर्षांच्या धडधाकट पोरीला समुद्र काचेतून दाखवायचा, तर तेवढ्यासाठी इतका प्रवास कशाला? घरी भिंतीवर चित्र लावले असते!

इतके लिहून झाल्यावर थोडी लाज वाटते आहे. गेल्या उन्हाळ्यात मी स्वतः पावागडला गेलो, तेव्हा माचीला गाडीतून उतरलो, रोपवेच्या रांगेत सावली शोधत उभा राहिलो, दर्शन घेतले आणि तासाभरात गाडीत बसून काचा वर केल्या. तो पडका तट कुठे होता, हे शोधायचेही मला सुचले नाही. मेहुण्यांना बोल लावताना हे आठवले नव्हते. त्यांचीही बाजू आहे. वर्षभर कारखान्याच्या भट्टीजवळ उभा राहणारा माणूस सुटीत गारवा शोधणारच.

तरीही रविवारी भाचीला घेऊन मी कंबोईला जाणार आहे. भरती-ओहोटीच्या वेळा पाहून ठेवल्या आहेत. पाण्याची बाटली, ताक, दोन कांदे आणि पाणी चढू लागताच निमूट मागे फिरण्याची अट, एवढी तयारी झाली आहे. मघाशी तिने फोन करून विचारले, "मामा, माझी नवी टोपी आणू का?" मी म्हटले, जुनी आण.