शिक्षा झालीय, दवाखाना चालू आहे

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक फ्लायर येऊन पडला. ‘भव्य मोफत आरोग्य तपासणी शिबिर’. वर माजी नगरसेवकांचा हात जोडलेला फोटो, खाली स्पॉन्सर, आणि मधल्या गोलात ‘प्रमुख मार्गदर्शक’ म्हणून एक सर्जन. नाव वाचलं आणि डोकंच फिरलं. खाली अंगठ्यांची रांग. ‘स्तुत्य उपक्रम’, ‘देवमाणूस’ वगैरे वगैरे.

या देवमाणसाचं नाव तीन महिन्यांसाठी डॉक्टरांच्या रजिस्टरमधून काढायचा, म्हणजे तेवढे दिवस प्रॅक्टिस बंद, असा आदेश राज्याच्या मेडिकल कौन्सिलने दिलेला आहे. आमच्याच तक्रारीवर. त्यांनी वर अपील केलं, आदेशाला स्थगिती मिळाली, अपील अजून चालू आहे. म्हणजे आजच्या तारखेला ते कायद्याने शंभर टक्के डॉक्टर. नाव इथे लिहीत नाही, वकिलांनी बजावून ठेवलंय. मला मात्र कुणी सांगा, शिबिरात रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांना हे कोण सांगणार?

जुन्या मंडळींना प्रकरण माहीत आहे, नव्यांसाठी थोडक्यात. माझ्या मामीचं याच सर्जनकडे पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन होतं. खडे होते, बाकी काही नाही. ऑपरेशनमध्ये पित्तनलिकेला इजा झाली. होते, हजारांत काही जणांना होते, हे आम्हाला नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, आणि मामालाही ते पटलं. पण हे पहिल्या डॉक्टरांनी सांगितलंच नाही. ‘गॅसेस आहेत, चाला, ताक प्या.’ मामी पिवळी पडत गेली आणि हे ताक प्या! शेवटी पुण्याला हलवली. पुढे कितीतरी दिवस तिच्या पोटातून नळी आणि नळीला पिशवी, त्यात हिरवट पित्त साठायचं. मामीने जुन्या ब्लाउजपीसची एक नाडीची थैली शिवली आणि पिशवी त्यात ठेवून पदराखाली कमरेला बांधायची. भाचीच्या लग्नातही तशीच उभी होती, कुणाला कळलं नाही.

कागद मागायला गेलो तर ‘फाइल सापडत नाही’. नियम काय सांगतो? डॉक्टरांसाठी २००२ ची आचारसंहिता आहे, पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं. आम्हाला मिळालं ते वकिलाची नोटीस गेल्यावर, आणि त्यातली ऑपरेशनची नोंद एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेली. तक्रार पित्तनलिका कापली म्हणून नव्हती हो. लपवलं म्हणून होती. कौन्सिलनेही तेच धरलं, रेकॉर्ड दिलं नाही आणि पेशंटला सांगितलं नाही म्हणून शिक्षा.

आदेश आला तेव्हा मामाने पेढे वगैरे काही आणले नाहीत. त्याने एवढंच विचारलं, “म्हणजे सोमवारपासून दवाखाना बंद ना?”

नाही मामा.

कारण २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात ३० वं कलम आहे. राज्याच्या कौन्सिलने शिक्षा केली की डॉक्टर दिल्लीच्या एथिक्स अँड मेडिकल रजिस्ट्रेशन बोर्डाकडे अपील करू शकतो. तिथे हरला तर ६० दिवसांत खुद्द आयोगाकडे दुसरं अपील. वर हायकोर्ट आहेच. आता गंमत ऐका. अपील दाखल केलं की शिक्षा आपोआप थांबते असं त्या कलमात लिहिलेलं नाही. स्थगिती मागावी लागते. मागितली की मिळाली. तीन महिन्यांची शिक्षा, आणि तिच्यावरची स्थगिती चालते तीन महिन्यांपेक्षा कितीतरी जास्त. मग शिक्षा झाली कुणाला?

आणि पेशंटने अपील करायचं म्हटलं तर? त्याच कलमात पेशंटचं नावही नाही. जुन्या नियमांत निदान ‘नाराज व्यक्ती’ला ६० दिवसांत अपील करता यायचं. नव्या कायद्यात ते दार फक्त डॉक्टरांसाठी. उद्या बोर्डाने मामीच्या केसमध्ये डॉक्टरांना सोडलं तर आम्ही कुठे जायचं? म्हणे लोकांसाठी कायदा.

बरं, अपील हा हक्क आहे, मान्य. उद्या निर्दोष ठरले तर बुडालेले महिने त्यांना कोण परत देणार, हेही मान्य. खोट्या तक्रारी होतात, पैसे उकळणारे असतात, हेही. झालं?

पण मला दवाखाना बंदच पाडायचाय असं कुणी समजू नका. मला फक्त पेशंटला कळायला हवंय. रजिस्टरमधून नाव काढलं तर स्थानिक वर्तमानपत्रांत त्याला व्यापक प्रसिद्धी द्यायची, असं त्याच २००२ च्या संहितेत लिहिलंय. तुमच्यापैकी कुणी आयुष्यात अशी बातमी वाचलीय? तलाठी पाचशे रुपये घेताना सापडला तर फोटोसकट चौकट येते, चौकशी सुरू व्हायच्या आत निलंबन होतं. त्याच्या पोरांना शाळेत टोमणे बसतात. इथे चौकशी झाली, दोन्ही बाजूंचं ऐकून झालं, दोष सिद्ध झाला, शिक्षा ठरली, आणि सगळं गुपचूप!

कुणी म्हणेल, अपील चालू असताना डॉक्टरला थांबवायचं ही पद्धतच नाही आपल्याकडे. कशी नाही? गर्भलिंगनिदानाच्या कायद्यात बघा. कोर्टाने नुसते आरोप निश्चित केले तरी केस संपेपर्यंत नोंदणी निलंबित करण्याची तरतूद आहे. दोषी ठरल्यावर पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षं नाव रजिस्टरबाहेर. म्हणजे जिथे करायचं ठरवलं तिथे करता आलं. (ते तरी किती पाळतात ते परळीच्या डॉक्टर दांपत्याच्या बेकायदा गर्भपाताच्या प्रकरणात आपण बघितलंच. २०१९ ला दहा वर्षांची सजा, आणि २०२० मध्ये जामिनावर बाहेर असताना पुन्हा दवाखाना चालवल्याबद्दल नवऱ्याला परत अटक. जाऊ दे, तो विषयच वेगळा.)

लिहिता लिहिता मला आमच्या कोपऱ्यावरचे डॉक्टर आठवले. कोविडमध्ये दार बंद केलं नाही त्यांनी. आईला इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन आली तेव्हा स्वतः रिक्षात बसून मोठ्या हॉस्पिटलात आले, आणि तिथल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य म्हणाले, “माझ्याकडे दिलंय, मला अंदाज आला नाही.” त्यांच्याविरुद्ध आम्ही स्वप्नातही तक्रार केली नसती. मामीच्या डॉक्टरांनी असं एक वाक्य बोललं असतं तर मामा मुंबईत चिंचपोकळीला कौन्सिलच्या ऑफिसचा रस्ताही शोधत बसला नसता. तो आजही हेच म्हणतो.

पण ते बोलले नाहीत. आणि आज गोलात फोटो लावून मार्गदर्शन करणार आहेत.

आता कौन्सिलने ‘नो युअर डॉक्टर’ (आपला डॉक्टर ओळखा) म्हणून क्यूआर कोड आणलाय, स्कॅन केला की डॉक्टरांची नोंदणी दिसते, दवाखान्यात लावायला सांगितलाय. चांगलंय. त्याच कोडखाली एक ओळ टाका की. ‘अमुक तारखेला शिक्षा, अमुक तारखेला स्थगिती, अपील प्रलंबित.’ बस. मग ज्याला जायचंय तो खुशाल जाईल. मामीही कदाचित गेली असती, हात चांगला आहे म्हणतात. पण माहीत असून गेली असती.

ग्रुपवर मी फक्त एवढं विचारलं की शिबिराच्या आयोजकांना हे माहीत आहे का. अ‍ॅडमिननी मेसेज उडवला आणि मला पर्सनलवर लिहिलं, ‘ताई, सणासुदीला वाद नको.’ कुठला सण हो?

माझ्या यादीत तुम्ही बरेच डॉक्टर आहात. मित्र आहात म्हणून विचारतेय, टोमणा नाही. समजा एखाद्या सर्जनची शिक्षा स्थगितीत आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांच्याकडे पेशंट पाठवताना पेशंटला सांगता का? ‘केस टू केस’ वगैरे नको. हो की नाही, तेवढंच खाली लिहा.