कुलपासकट शर्ट

घरी आल्यावर नव्या शर्टाची घडी मोडली आणि डाव्या बगलेखाली शिवणीला करड्या प्लास्टिकचं, पालथ्या पणतीएवढं काहीतरी लटकलेलं दिसलं, तर आधी स्वतःचं अभिनंदन करा. दुकानानं तुम्हाला शर्ट विकलाय आणि वर त्याचं कुलूप, म्हणजे चोरी होऊ नये म्हणून लावलेला टॅग, फुकट दिलंय. किल्ली तेवढी दुकानात राहिलीय. आम्ही परभणीचे, दुकान संभाजीनगरातल्या मॉलमधलं, म्हणजे किल्ली फक्त दोनशे किलोमीटरवर.

ही वस्तू दिसण्याचा मुहूर्तही ठरलेला असतो. खरेदी करून आल्या दिवशी ती कधीच दिसत नाही. त्या दिवशी आपण पिशवी कपाटावर टाकतो आणि पाय पसरून पंख्याखाली पडतो. शर्ट उघडायचा तो मेहुण्याच्या लग्नाच्या सकाळी, बाहेर वाजंत्री सुरू झाल्यावर. तुम्हीही तसंच करा. आधी बघून ठेवलं तर लग्नाला काय मजा राहिली?

दिसल्यावर ओरडू नका. मी ओरडलो. पाच मिनिटांत आमच्या खोलीत बारा माणसं होती. आई म्हणाली, "आरं, पैशे दिले व्हते ना?" बायको म्हणाली, "अवो, बिल कुठंय?" मेहुणा, हळदीच्या अंगानं, दारातूनच म्हणाला, "दाजी, कॅमेऱ्यात आला असाल बरं का." सासऱ्यांनी काहीच विचारलं नाही. नुसतं शर्टाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि पाहुण्यांच्या चहाचं बघायला निघून गेले. जास्त ते लागलं. बारा वर्षं झाली जावई होऊन, आजवर रसवंतीवाल्याचे दहा रुपये बुडवले नाहीत, आणि एका प्लास्टिकच्या पणतीनं सगळी पत घालवली.

आता बिल. बिल सांभाळून ठेवा असं सगळे सांगतात, कसं ठेवायचं ते कुणी सांगत नाही. मी सांगतो. बिल पाकिटात चार घड्या घालून ठेवा, मग लग्नाच्या गडबडीत ते काढा, चुरगळलंय म्हणून शर्टासोबत त्याच्यावरही इस्त्री फिरवा. मॉलचं बिल शाईनं छापलेलं नसतं. कागदावरच एक थर असतो, मशीन त्याला जागोजागी चटका देतं आणि चटका बसला तिथं अक्षर उमटतं. आमच्या बायकोनं सगळ्या कागदाला एकदमच चटका दिला. काळंभोर पान! त्यात कुठंतरी माझा प्रामाणिकपणा होता, पण वाचता येत नव्हता.

पुरावा संपला की कारागीर सुरू होतात. त्यांना अडवू नका, लग्नघरात प्रत्येकाला काहीतरी काम लागतं. आईनं आडकित्ता आणला. मेहुण्याच्या मित्रानं मोटारसायकलच्या टूलकिटातली पकड आणली. मामा म्हणाले, "बैलाची वेसण बदलणारा माणूस मी, हे काय लागून गेलं," आणि पायात शर्ट दाबून ओढायला बसले. मामांना ठाऊक नव्हतं की आतमध्ये तीन बारीक पोलादी गोळ्या आणि एक स्प्रिंग बसलेली असते. कापडातून आरपार गेलेल्या टाचणीच्या खाचेत त्या गोळ्या रुततात, आणि ओढ बसली की अजून आत रुततात. भावकीतल्या बांधाच्या भांडणासारखं आहे ते, जितकं ताणाल तितकं आवळतं. दुकानात काउंटरला एक जबरदस्त चुंबक बसवलेलं असतं. ते गोळ्यांना मागं खेचतं आणि टाचणी सुटते. हे सांगितल्याबरोबर मामांनी ट्रॅक्टरच्या टेपचा जुना स्पीकर आणला. त्या चुंबकाला घरातल्या सगळ्या पिना चिकटल्या, फक्त टॅग हलला नाही. मोबाईलवरच्या व्हिडिओत तो चार सेकंदांत निघतो, हेही खरं. पण तो व्हिडिओतल्या माणसाचा टॅग असतो, तुमचा नव्हे.

मग कुणीतरी, बहुतेक पुण्याचा भाचा, हळूच सांगतो की काही टॅगांत काचेच्या नळ्यांत शाई भरलेली असते. जोर केला की नळी फुटते आणि कपडा कायमचा जातो. चोरानं नेला तर चोरालाही घालता येऊ नये, ही त्यातली अक्कल. अमेरिकेत १९६०च्या दशकात आर्थर मिनासी नावाच्या माणसानं दुकानातल्या चोऱ्या पकडायला असले टॅग काढले, पुढं त्यात शाईही आली. एवढ्या लांब जायची गरज नव्हती. मला मिळत नाही तर तुलाही मिळू देणार नाही, म्हणून बांधावरचा आंबा मुळातून तोडणारी माणसं आमच्याकडं गावोगाव आहेत. पण शाईचं नाव निघताच खोली रिकामी झाली, हा फायदा. मामा पण दोन पावलं मागं सरले.

म्हणून माझा सल्ला असा, की टॅगासकट शर्ट घाला. वरून जाकीट चढवा. वैशाखात परभणीला पारा ४३ वर असतो, मांडवाचं कापड तापून खाली वाफ धरते, पण इज्जतीपुढं घाम काय. डावा हात अंगाला चिकटवून ठेवा. अक्षता उजव्या हातानंच टाकायच्या असतात, त्यामुळं धर्म आड येत नाही. फोटोग्राफर "हात मोकळे सोडा साहेब" म्हणेल, सोडू नका. व्याहीभेट मात्र टाळता येत नाही. नवरीकडचे एक काका मला इतक्या जोरात भेटले की टॅग त्यांच्या बरगडीत घुसला. "पाव्हणं, खिशात तंबाखूची डबी दिसती," ते कानात म्हणाले, "काढा की." मी खाल्लेला नाही आयुष्यात तंबाखू. हो म्हणालो. चोर ठरण्यापेक्षा व्यसनी ठरलेलं बरं, आपल्याकडं व्यसनाला माफी आहे.

(जीन्सच्या आत शिवलेली पांढरी पट्टी, डब्याच्या तळाला चिकटवलेला चौकोन, हे टॅगाचे गरीब भाऊ. ते घरी त्रास देत नाहीत. काउंटरवर यंत्रानं नीट मारले नाहीत तर पुढच्या दुकानाच्या दारात जिवंत होऊन गेट वाजवतात, एवढंच.)

लग्न आटोपलं की दुकानात परत जा. भाडं, चहा, बुडालेली रजा असला हिशोब करू नका. केलात तर तोच शर्ट दुसऱ्यांदा विकत घेतल्याचं निघेल. मी सकाळी तपोवन एक्सप्रेसनं निघालो. जालन्यापर्यंत उभा, पिशवी छातीशी धरून. समोरची बाई पिशवीतून डोकावणाऱ्या टॅगाकडं बघत होती. तिनं आपली पर्स मांडीवर घेतली.

मॉलच्या दारात पाऊल टाकलं आणि गेट वाजलं. बाहेर पडताना नव्हे, आत शिरताना.

हे गेट काय करतं ते समजून घ्या, म्हणजे अपमान शास्त्रशुद्ध होईल. काही गेटं सेकंदाला ५८ हजार कंपनांचा ठोका हवेत सोडतात आणि क्षणभर गप्प बसून ऐकतात. टॅगातली धातूची पट्टी त्या ठोक्यानं थरथरते आणि ठोका थांबला तरी घुमत राहते. औंढ्याच्या देवळात घंटा वाजवून माणूस पुढं सरकला तरी घंटा घुमत असते ना, तसं. ते घुमणं ऐकू आलं की गेट बोंबलतं. माल आत चाललाय की बाहेर, चोर आहे की जावई, हे त्याला कळत नाही. ते काम माणसाचं. म्हणून तिथं स्टुलावर गार्ड बसवलेला असतो.

खरेदीच्या दिवशीही हाच गार्ड होता आणि हेच गेट वाजलं होतं. त्या दिवशी रविवार, बस्त्याची गर्दी, दर तिसऱ्या माणसाला गेट वाजत होतं. गार्डनं मोबाईलवरनं मान न उचलता बिलाला टोचा मारला आणि म्हणाला, "जावा काका, वाजतंय ते असंच." आज मात्र तो उभा राहिला.

"काय हाय पिशवीत?"

"शर्ट. तुमचाच."

"माझा?"

"दुकानाचा. म्हणजे माझा. टॅग राहिलाय."

"बिल?"

मी काळा कागद दिला. त्यानं तो उजेडाकडं धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि मला काउंटरवर घेऊन गेला. पुढं तो, मागं मी, बाजूला बघणारे लोक. काउंटरवरच्या पोरीला दोष देऊ नका. सकाळपासून उभी, रांग जिन्यापर्यंत, एवढ्या शर्टांत एखादा राहणारच. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. शर्ट ओढला, टॅग चुंबकावर टेकवला. टक्. मामांचा घाम, आईचा आडकित्ता, ट्रॅक्टरचा स्पीकर, सगळं त्या एका टक्‌मध्ये गेलं. टॅग तिनं पायाशी ठेवलेल्या बादलीत टाकला. बादलीत तसले शेकडो होते.

"झालं," ती म्हणाली. "सॉरी हां काका."

मी शर्ट पिशवीत घातला आणि बाहेर निघालो. गेट वाजलं नाही. तरी स्टुलावरनं आवाज आला, "काका, बिल."

मी तोच काळा कागद पुढं केला. त्यानं मोबाईलवरनं मान न उचलता त्याला टोचा मारला.