शिव्या कुणाला, सवलत कुणाला

“तो निदान आपल्यासारख्यांचं नाव तरी घेतो! बाकीच्यांना आपण आहोत हेसुद्धा आठवत नाही.”

मी कट्ट्यावर पोचलो तेव्हा अण्णांचा आवाज असा चढलेला होता. वादाचं मूळ बाळ्याच्या मोबाइलवर होतं. ऑक्टोबर २०२४, पेनसिल्वेनियातलं बटलर, डोनाल्ड ट्रम्प यांची प्रचारसभा. समोर हजारोंची गर्दी आणि मंचावर हात वर करून उड्या मारणारा इलॉन मस्क. बाळ्याचा प्रश्न सरळ होता. विसरल्या गेलेल्या माणसांचा कैवार घेणारी सभा, आणि मंचावर जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस. त्या निवडणुकीत मस्क यांनी पंचवीस कोटी डॉलरहून अधिक पैसा ओतला. मग सभा नक्की कुणाची?

“समोर बसलेत त्यांची,” अण्णा म्हणाले. “पैसा कुणीही देईना का! मी चाळीस वर्षं कारखान्यात काढली. तुमचा कारखाना का बंद पडला, हे जो मोठ्यानं विचारतो त्याच्यामागे माणूस जाणारच. त्याचा खर्च कोण भागवतो हे बघायला भुकेल्याला सवड नसते.”

अण्णांचं हे बोलणं मला झटकून टाकता येत नाही. कारखाना बंद पडलेल्या माणसाला आम्ही कट्ट्यावर बसून ‘तू फसतोयस’ म्हणायचं, यात एक उर्मटपणा आहेच. पण बाळ्याचा प्रश्नही खोटा नव्हता.

वकीलसाहेबांनी आधी कायदा सांगितला. अमेरिकेत उमेदवाराच्या हातात थेट किती पैसे द्यायचे याला मर्यादा आहे. १९७६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ही मर्यादा मान्य केली, पण खर्चावरची मर्यादा रद्द केली, कारण प्रचारावर पैसा खर्च करणं हा अभिव्यक्तीचाच भाग आहे असं न्यायालयाचं मत पडलं. पुढे २०१० मध्ये ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात पाच विरुद्ध चार अशा निकालानं कंपन्या आणि कामगार संघटनांनाही उमेदवारापासून स्वतंत्र राहून हवा तेवढा खर्च करायची मुभा मिळाली. त्याच वर्षी खालच्या न्यायालयाच्या दुसऱ्या एका निकालातून ‘सुपर पॅक’ जन्माला आले. सुपर पॅक म्हणजे कितीही देणगी घेऊ शकणारी प्रचारसंस्था. अट एवढीच, की उमेदवाराशी संगनमत करून खर्च करायचा नाही.

“आणि ते संगनमत करत नाहीत?” बाळ्यानं विचारलं.

“कागदावर नाही,” वकीलसाहेब म्हणाले.

अण्णांकडे याला उत्तर तयार होतं, आणि जोरदार होतं. “पैशानंच निवडणूक जिंकता आली असती, तर तो अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग २०२०मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी घेऊन गेला असता. शंभर कोटी डॉलरच्या वर स्वतःचे घातले आणि हाती काय लागलं? अमेरिकन सामोआ! इवलीशी बेटं! २०१६ साली जेब बुशच्या मागच्या सुपर पॅकनं दहा कोटींहून जास्त जमवले होते, तो फेब्रुवारीतच घरी बसला. २०२४मध्ये कमला हॅरिस यांच्याकडे तर शंभर कोटींहून जास्त निधी आला. त्याही हरल्या. लोक पैशाला बधत नाहीत.”

हे सगळं खरं आहे, आणि मी तिथंच कबूल केलं. मतदार बाजारात मिळतो असं मला कधीच वाटलेलं नाही. मला देणगीदार दिसतो तो दुसऱ्याच ठिकाणी. भाषणात शत्रू म्हणून कुणाकडे बोट दाखवलं जातं आणि निवडून आल्यावर कुणाच्या केसालाही धक्का लागत नाही, या दोन याद्या शेजारी ठेवल्या की तो दिसतो.

मी त्यांना एका करसवलतीची गोष्ट सांगितली. ती मला फार छळते, कारण ती इतकी छोटी आणि इतकी स्पष्ट आहे.

दुसऱ्यांचे पैसे गुंतवून देणारे मोठे फंडवाले असतात. नफा झाला की त्यातला ठरलेला वाटा, बहुधा वीस टक्के, त्यांना मिळतो. तिथं याला ‘कॅरिड इंटरेस्ट’ म्हणतात. पैसा दुसऱ्याचा, म्हणजे हा वाटा खरं तर त्यांच्या कामाची मजुरी. पण त्यावर कर लागतो तो भांडवली नफ्याच्या दरानं. आज वरच्या थरातल्या पगाराला ३७ टक्के कर आहे आणि दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्याला २०. ही सवलत घेणारी माणसं मूठभर, आणि तिचं समर्थन करायला जाहीर सभेत कुणी उभं राहणार नाही. बराक ओबामांनी २००८च्या प्रचारात ती बंद करू म्हटलं. २०१५मध्ये ट्रम्प यांनी याच फंडवाल्यांना झोडपलं, हे लोक वाट्टेल ते करून नामानिराळे राहतात अशा अर्थाचं बोलले. टाळ्या दोघांनाही पडल्या.

मग २०१७चा मोठा करकायदा आला. कंपन्यांवरचा कर ३५ टक्क्यांवरून २१ वर आला. आणि ही सवलत? एक वर्षाऐवजी तीन वर्षं गुंतवणूक ठेवा, एवढी अट घालून ती शाबूत राहिली.

“बघा! म्हणजे तुमचा राग त्याच्यावरच,” अण्णा म्हणाले.

थांबा म्हटलं, पुढचं ऐका. २०२२ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या विधेयकात हीच सवलत आवळणारं कलम होतं. सिनेटमध्ये एकेक मत मोलाचं होतं आणि त्यांच्याच पक्षाच्या ॲरिझोनाच्या सिनेटर किर्स्टन सिनेमा यांच्या आग्रहापुढे ते कलम गळालं. २०२५च्या सुरुवातीला ट्रम्प यांनी पुन्हा ती बंद करायची भाषा केली आणि जुलैत सही झालेल्या कायद्यात ती पुन्हा तशीच राहिली. दोन्ही पक्ष, सतरा वर्षं, तेच आश्वासन. स्थलांतरितांवर, प्राध्यापकांवर, वार्ताहरांवर, न्यायाधीशांवर तुटून पडायला कुणी कचरत नाही. त्यांच्यातला कुणी कोट्यवधींची देणगी थांबवू शकत नाही. फंडवाला थांबवू शकतो.

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे भाषण आमच्यासाठी आणि कलम त्यांच्यासाठी.” एवढं नेमकं मला सांगता आलं नव्हतं.

इतिहास शिकवणाऱ्या बाई इतका वेळ ऐकत होत्या. “हे नवीन नाही,” त्या म्हणाल्या. “सामान्यांच्या नावानं बोलणाऱ्या पुढाऱ्याला ‘पॉप्युलिस्ट’ म्हणतात ना, तो शब्दच तिथून आलाय.” आणि त्यांनी आम्हाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला नेलं.

अमेरिकेच्या दक्षिणेत आणि पश्चिमेत तेव्हा शेतकरी कर्जात बुडाले होते. पिकाचे भाव पडलेले, रेल्वेचं भाडं डोईजड, आणि चलन सोन्याला बांधलेलं असल्यानं पैसा दुर्मीळ. त्यांनी १८९२ साली पीपल्स पार्टी म्हणून राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली. त्या पक्षाच्या लोकांना ‘पॉप्युलिस्ट’ म्हणायला लागले. १८९६ साली विल्यम जेनिंग्ज ब्रायन या छत्तीस वर्षांच्या वक्त्यानं शिकागोच्या अधिवेशनात सोन्याच्या चलनाविरुद्ध असं भाषण केलं की त्यावर त्याला डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली. पीपल्स पार्टीनंही त्यालाच उचलून धरलं. मागणी होती चांदीचीही मुक्त नाणी पाडा, म्हणजे पैसा वाढेल, भाव चढतील, कर्ज हलकं होईल.

“समोरच्या रिपब्लिकन उमेदवार मॅकिन्लीच्या बाजूला मार्क हॅना हा उद्योगपती होता,” बाई म्हणाल्या. “त्यानं बँका आणि मोठ्या कंपन्यांकडून जवळपास पस्तीस लाख डॉलर उभे केले. त्या काळात ही रक्कम अफाट होती. ही थैलीशहांची बाजू आपल्याला पाठ असते. पण ब्रायनच्या मोहिमेला पैसा कुठून आला, हे फार कमी जण विचारतात. त्यातला मोठा भाग पश्चिमेकडच्या चांदीच्या खाणमालकांचा होता.”

बाळ्या उडालाच. “म्हणजे चांदी महाग झाली की...”

“हो. शेतकऱ्याचं दुःख खरं होतं. ब्रायनचा कळवळाही खरा होता, असं मला वाटतं. रेल्वेनं हजारो मैल फिरून तो गावोगाव बोलला. पण शेतकऱ्यांच्या मागण्या बऱ्याच होत्या. रेल्वे सरकारनं चालवावी, जास्त मिळकतीवर जास्त कर बसवावा, असं त्यांच्या जाहीरनाम्यात होतं. त्या सगळ्यांत चांदीच इतकी पुढे आली की बाकीच्या तिच्यामागे झाकल्या गेल्या. आणि चांदीच्या मागे पैसा होता.”

हे ऐकून मला अंगावर काटा आला, हे मी मुद्दाम लिहितो. कारण इथं ढोंगी कुणी नाही. नेता प्रामाणिक, माणसं खरोखर त्रासलेली, आणि तरीही दहा मागण्यांमधली कुठली मोठ्यानं बोलायची हे ठरताना खिशानं आपलं माप टाकलंच.

बाईंनी एक गोष्ट मात्र माझ्या विरोधात सांगितली, आणि ती टाळणं बरोबर होणार नाही. कंपन्यांनी केंद्रीय निवडणुकांत पैसा देऊ नये असा अमेरिकेतला पहिला कायदा १९०७चा. त्याला टिलमन कायदा म्हणतात. हा बेन टिलमन साउथ कॅरोलिनाचा. शेतकऱ्यांच्या संतापावर तो निवडून आला, आणि त्याच संतापाच्या जोरावर त्यानं १८९५च्या राज्यघटनेत कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावून घेण्यात पुढाकार घेतला. “तेव्हा थैलीशहा मागे नाही म्हणून भाषण निर्मळ आहे, असं समजू नका,” बाई म्हणाल्या. मी ते मान्य केलं. माझं मोजमाप सगळं मोजत नाही.

वकीलसाहेबांना आपल्याकडचं बोलल्याशिवाय राहवलं नाही. १९६९ साली कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर बंदी आली, १९७१ साली ‘गरिबी हटाओ’वर निवडणूक जिंकली गेली. पक्षांना सरकारी खजिन्यातून पैसा देण्याची सोय काही झाली नाही, त्यामुळे देणग्या काळ्या वाटेनं यायला लागल्या. १९८५ मध्ये बंदी उठली. पुढे २०१८मध्ये निवडणूक रोखे आले आणि कोण कुणाला देतं हे मतदाराला कळायची सोयच उरली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी १५ फेब्रुवारी २०२४ रोजी एकमतानं ते रद्द केले, तेव्हा नावं बाहेर आली. सगळ्यात जास्त रोखे घेणारी कंपनी लॉटरीच्या धंद्यातली निघाली. रक्कम १,३६८ कोटी रुपये.

“लॉटरीचं तिकीट कोण काढतं?” अण्णांनी विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही. अण्णांनीच दिलं. “आमच्यासारखेच.” तो पैसा एकाच पक्षाकडे गेला नव्हता, अनेकांकडे गेला होता, आणि त्यातला प्रत्येक पक्ष गरिबाच्याच नावानं बोलणारा.

बाळ्याला या सगळ्यावर उपाय सापडला होता. लोकांनीच थोडे थोडे पैसे द्यायचे! बर्नी सँडर्स यांनी २०१६मध्ये सरासरी सत्तावीस डॉलरच्या देणग्यांवर मोहीम चालवून दाखवली. वाट खरी आहे, मला आवडते. पण तिच्यावरही खड्डे आहेत. छोटी देणगी संतापाला लवकर हात देते, म्हणून प्रत्येक निरोपात ‘आज रात्री बारापर्यंत दिले नाहीत तर देश बुडाला’ असा धाक येतो. २०२०मध्ये ट्रम्प यांच्या मोहिमेच्या देणगीपानावर दर आठवड्याला पुन्हा पैसे कापण्याच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवलेली असायची. एकदाच द्यायला निघालेल्यांच्या खात्यातून, त्यात कितीतरी म्हातारी माणसं होती, पैसे जात राहिले आणि नंतर कोट्यवधी डॉलर परत करावे लागले. सामान्य माणसाच्या नावानं सामान्य माणसाचाच खिसा! मोठ्या देणगीदारावर मला जितका राग आहे, त्याहून जास्त या खुणेवर आहे.

त्यापेक्षा सिएटल शहरानं केलेलं मला जास्त पटतं. तिथल्या मतदारांनी २०१५ साली ठरवलं की शहराच्या निवडणुकीत प्रत्येकाला पंचवीस डॉलरची चार कुपनं द्यायची. पैसा सार्वजनिक, कुणाला द्यायचा ते मतदारानं ठरवायचं. उमेदवाराला कुपनं घ्यायची तर देणग्यांची आणि खर्चाची मर्यादा पाळावी लागते. ज्याच्याकडे द्यायला दमडी नाही, त्याच्याही दारात उमेदवाराला निधी मागायला जावं लागतं. वकीलसाहेबांचा आक्षेप होता की सुपर पॅकला याचा काही अडसर होत नाही. बरोबर आहे. होत नाही.

अंधार पडला तेव्हा बाळ्यानं ती बटलरची चित्रफीत पुन्हा लावली, आवाज बंद करून. या वेळी आम्ही मंचाकडे पाहिलंच नाही, गर्दीकडे पाहत होतो. एक माणूस साधारण अण्णांच्याच वयाचा, मान वर करून, डोळे लावून ऐकत उभा.

“तुमचं सगळं ऐकलं,” अण्णा म्हणाले. “पण याच्याकडे दुसरं कोण आलं होतं, ते सांगा. सभ्य भाषेत बोलणाऱ्यांपैकी कोण त्याच्या गावात जाऊन, तुझा कारखाना का गेला, असं विचारून आलं?”

ब्लूमबर्ग नव्हता आला. फंडवालेही नव्हते आले. मी उत्तर शोधत राहिलो आणि तो माणूस आवाज नसलेल्या भाषणाला टाळ्या वाजवत राहिला.